बिनचटक्याचा हात

कळंबच्या रिसॉर्टवर तांदळाच्या भाकरी भाजायला ठकूबाईच लागायची. तापलेल्या तव्यावरची भाकरी ती नुसत्या बोटांनी उलटायची, कडेला पंजा टेकला तरी तिला फिकीर नसायची. शनिवार-रविवारचे पाहुणे मोबाईल उगारून चुलीभोवती जमायचे आणि बाई आणखी ताठ बसायची. कौतुक कुणाला नको असतं?

आरोग्य केंद्राची आशाताई पौर्णिमा घरोघरी जाऊन अंगावरचे डाग तपासत होती. ती दारात आली तशी ठकूबाईने लेकीलाच पुढे ढकललं. अक्षदाच्या मानेवर लालसर गोल डाग उठला होता. साखरपुडा पंधरा दिवसांवर आलेला, आणि जिभेला हाड नसलेल्या एका शेजारणीने कोड, महारोग अशी नावं घेऊन मायलेकींची झोप उडवली होती.

पौर्णिमाने निरखून पाहिलं. कडा उठलेल्या, मध्ये कातडी बरीचशी साफ, आणि खाज तर विचारायलाच नको. हे गजकर्ण, बुरशीचं दुखणं, डॉक्टरांच्या मलमाने जाईल, असं तिने सांगितलं. कोडात नुसता कातडीचा रंग जातो, ते कुणाला लागत नाही, हेही शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. अक्षदा रडता रडता हसली.

त्या आनंदात ठकूबाईने उकळत्या चहाचं पातेलं उघड्या हाताने चुलीवरून उतरवलं. तिच्या उजव्या मनगटापासून अंगठ्यापर्यंत फिकट चट्टा पसरला होता आणि त्यावर भाजल्याचा फोड फुटून ओला झाला होता. पौर्णिमाने तो हात धरून जवळ ओढला.

"काकी, हा फोड कधीचा गं?"

"कुठला? मला नाय ठावं. दुखत नाय, खाजत नाय, त्याला काय दाखवायचं?"

दुखत नाही, म्हणूनच तर भीती होती. फिकट चट्टा बधिर असला की संशय कुष्ठरोगाचा, म्हणजे त्या शेजारणीच्या तोंडातल्या महारोगाचाच. वेळेत धरला तर गोळ्यांनी पुरता बरा होतो. उशीर झाला तर नसा मरतात आणि बोटं वाकडी होऊन बसतात. भाकरी थापणारी बोटं. पौर्णिमाला ते नाव तोंडातून काढवेना. आधी खात्री करू, असं म्हणून तिने ठकूबाईला ओट्यावर बसवलं, डोळे मिटायला लावले आणि पेनाचं टोक जिथे लागेल तिथे बोट ठेवायला सांगितलं.

डाव्या हातावर टोक टेकलं. काकीने झटकन नेमक्या जागी बोट ठेवलं.

मग उजव्या हातावरच्या चट्ट्यावर. एकदा. जरा सरकून पुन्हा. तिसऱ्यांदा पौर्णिमाने टोक जरा दाबूनच धरलं. बाजूला उभी असलेली अक्षदा सगळं बघत होती, तिने ओढणी तोंडात कोंबली.

ठकूबाई डोळे मिटून हसतमुखाने बसली होती.

"अगं पौर्णिमे," ती म्हणाली, "लाव की आता. किती येळ बसवशील?"