सात घरचे वाटे

गाय लटपटली तसा इमानाली सुरी घेऊन धावला. जीव जायच्या आत देवाचं नाव घेऊन गळा चिरला तरच मांस पाक, खाण्याजोगं. नाहीतर कुत्र्यांचं धन. अलाईच्या डोंगरात त्याच्यासारखा चपळ हात नव्हता. इमानालीची सुरी आधी चालते, वीज मागनं चमकते, असं म्हणत. रक्त उसळून दाढीवर आलं. गाय जिती होती, शंका नको.

तीन दिवसांवरच्या सणासाठी सात घरी वाटे गेले. मुंडकं मानाचं, ते शेजारच्या बात्मा आजीला.

तिसऱ्या दिवशी आतडी धुणाऱ्या कालीपाच्या, त्याच्या बायकोच्या, मनगटावर कोळशागत काळा फोड उठला. फोड दुखेना, पण ताप असा की अंगावर भाकरी भाजावी. गुरांच्या डॉक्टरनं फोड बघितला आणि तिला उचलून गाडीत घातलं.

"गाईचा रोग हाय ह्यो. हिला दवाखान्यात नेतो, तुमास्नी औषध घिऊन येतो. तवर सगळं मांस गोळा करून जाळ. कुणाच्या तोंडाला लागू देऊ नगंस!"

इमानाली दारोदार फिरला. "दिल्याला वाटा मागतूस? थुंकी गिळतूस का रं?" सहा दारं तोंडावर आपटली.

सातव्या घरी मुंडकं रटरटत होतं. बात्मा आजीची तीन नातवंडं वाट्या धरून बसलेली.

"आजे, हात जोडतो, रोग हाय त्यात!"

"उकळलं की रोगाचा बाप बी मरतो! माझ्या सासऱ्यानं असली बारा गुरं पचवली, न् नव्वदीत लगीन केलं."

तिनं पळी बुडवली. इमानालीनं तिचं मनगट धरलं.

"आजे... सुरी लावली तवा गाय मेली व्हती."

पळी हातातनं सुटली. आजीनं उकळतं पातेलं अंगणात भिरकावलं. "हराम! माझ्या लेकरांस्नी मढं चारतूस?"

बोंब वस्तीभर गेली. इमानाली घरी पोचायच्या आत सहाही वाटे त्याच्या दारात येऊन पडले, वर थुंकी. त्यानं एकट्यानं ते जाळले.

कालीपा आली ती पांढऱ्या कापडात.

तिच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला त्यानं मेंढी कापली, सात घरी सांगावा धाडला. ताट मांडून तो संध्याकाळपर्यंत बसला. त्याच्या सुरीचं कोण खाणार? समोर सातही धुराड्यांतनं धूर निघत होता. भिंतीपलीकडं आजी गरजली, "त्या हरामखोराच्या दारात गेलासा तर तंगडी मोडीन!" त्यावर पोरं एकदम कालवा करू लागली.

इमानालीनं कान टवकारले.

"कालीपे," तो रिकाम्या अंथरुणाकडं बघून म्हणाला, "तिन्ही पोरांचा आवाज आला बघ."