पाचव्या शीलापाशी

प्रेमानंदच्या पिंडऱ्या आता त्याचं ऐकेनाशा झाल्या होत्या. वय त्रेपन्न. कळमेश्वरच्या कारखान्यात आठ तास मशीनसमोर उभं राहायचं, आणि त्याआधी पहाटे प्रताप नगरातून निघून बारा किलोमीटर धावायचं. रविवारी पंचवीस. एकोणीस वर्षं हा माणूस असा धावत होता आणि लोक त्याचं कौतुक करत होते. लोकांचं काय जातं? जिना उतरताना कठडा त्यालाच धरावा लागायचा.

त्याच्या धावण्याच्या ग्रुपचा कोच जितेंद्र वीस वर्षांनी लहान. एकदा त्याने प्रेमानंदला लंगडताना पाहिलं.

"काका, सीबीडी तेल घेऊन पाहा ना. लांब पल्ल्यानंतर पाय लवकर मोकळे होते. मी बी घेऊन राहिलो. भांगेच्या झाडाचं आहे, पण नशा नाही येत. वैद्याची चिठ्ठी लागते फक्त."

भांग म्हटल्यावर प्रेमानंद दचकला. एकोणीस वर्षांपूर्वी त्याने दारू सोडली होती, आणि तीही सुखासुखी नाही. बायकोने, सिंधूने, त्याला चारदा नाल्याकाठून उचलून आणलं होतं. तरी पाय फारच छळत होते म्हणून तो वैद्याकडे गेला. वैद्याने नीट समजावलं: झोपताना जिभेखाली पाच थेंब, आणि गुण प्रत्येकाला येतोच असं नाही. चव कडू, ओल्या गवतासारखी. चौथ्या दिवशी तो कठडा न धरता जिना उतरला. तेलाने की मनाच्या समजुतीने, कोण सांगणार.

इथवर सगळं ठीक होतं. चूक त्याने एकच केली. बाटली आणली ती फळीवर न ठेवता जुन्या बुटात कोंबली आणि वरून मोजा सारला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. हात आपोआप तिथे गेला.

रविवारी विहारात सगळ्यांबरोबर पंचशील म्हणताना चौथ्या शीलापर्यंत त्याचा आवाज खणखणीत होता. पाचवं आलं, नशेपासून दूर राहण्याचं. ओठ हलले, पण आवाज फुटेना. पलीकडे बायकांच्या रांगेत सिंधू बसली होती. पन्नास आवाजांतून एक कमी झालेला तिला बरोबर कळला. दारुड्याच्या बायकोचे कान असेच तयार होतात.

घरी आल्या आल्या ती बुटांच्या रॅककडे गेली; दारूच्या दिवसांत त्याच्या बाटल्या तिथेच सापडायच्या. तिसऱ्या बुटात बाटली सापडली. तिने ती आणून त्याच्यासमोर ठेवली.

"हे काय व्हय?"

"तेल आहे वं, पायासाठी. वैद्यानं देल्लं. हे पाह्य चिठ्ठी."

सिंधूने चिठ्ठी सावकाश वाचली, शिक्का पाहिला. तेल कशाचं, तेही विचारलं. त्याने खरं ते सांगितलं.

"नशा नाही येत, पटलं मले," ती म्हणाली. "मंग लपवलं काहून?"

त्याने चिठ्ठी घेऊन तिची घडी घातली.

"इतक्या वर्षांत मी बूट चाचपले नव्हते. आज चाचपले."

तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तिचा आवाज मात्र साधाच होता.

"इतके पाय दुखते त धावणं कमी करा ना. एक दिवस घरी बसले त काय होते?"

"भेव वाटते."

"कायचं?"

"थांबलो त पिईन, असं वाटते. रोज वाटते, सिंधू. धावून पार मेल्यासारखा झालो की मंग दिवसभर आठवण नाही येत. पायच गेले त मी काय करू?"

हे तो कुणालाही बोलला नव्हता. लोक जिद्द म्हणायचे, शाल-श्रीफळ द्यायचे, आणि तो मान डोलवून ते घ्यायचा. बोलून टाकल्यावर त्याला हलकं वगैरे काही वाटलं नाही. लाज वाटली, आणि मनस्वी थकवा आला.

सिंधू त्याच्याशेजारी येऊन बसली.

"तुमी पहाटे गेले की मी बी जागीच राहतो," ती म्हणाली. "कसे परत येते म्हणून दाराकडे पाहत. तुमी तरी धावून मोकळे होता. मी बसल्या बसल्या थकली, जी."

त्याने मान खाली घातली. आपल्यासोबत दुसरंही कुणी एकोणीस वर्षं दमतंय, हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"उद्या नका जाऊ धावाले," ती म्हणाली.

"अन् प्यावं वाटलं त?"

"मले उठवा."

सोमवारी साडेचारला त्याला जाग आली. पाय सवयीने वळवळले, पण तो पडून राहिला. थोड्या वेळाने घशाला ती जुनी कोरड पडली. खाली बूट होते, दार होतं, रस्ता होता.

"सिंधू," तो म्हणाला, "वाटून राहिलं."

ती जागीच होती. दोघं स्वयंपाकघरात फरशीवर जाऊन बसली. तिने त्याचा हात धरला. खिडकीबाहेर हळूहळू उजाडलं, दूधवाल्याची सायकल येऊन गेली.

"गेलं का?" तिने विचारलं.

"नाही."

"मंग बसू अजून."