बापूसाहेबांची बोगनवेल

शेळगावात अलीकडे मुलीकडचे आधी मुलाचं घर बघून जातात. घर पटलं तरच पुढची बोलणी. बापूसाहेबांच्या रविराजसाठी आलेल्या पाहुण्यांनी फाटकातूनच गाडी वळवली, तेव्हा मध्यस्थ मोहनरावांनी कारण सांगितलं, "बंगला झ्याक हाय वो, पण दारात निस्तं उसाचं पाचट आन् ट्रॅक्टरचं टायर. आजकालच्या पोरींना फुलं लागत्यात."

बापूसाहेबांनी बारामतीच्या नर्सरीतून गुलाबी फुलांनी लगडलेली बोगनवेल आणली आणि फाटकाशेजारी लावली. थोड्याच दिवसांत सगळी फुलं गळाली. बापूसाहेबांना तो चारचौघांत झालेला अपमान वाटला.

त्यांनी आजवर एक ऊसच काय तो वाढवला होता. तीच रीत त्यांनी इथं लावली. ठिबकची नळी मुळाशी आणली, शेणाची स्लरी ओतली, वर युरिया. बोगनवेल माजली. फाटकावरून पाटीवर चढली, बापूसाहेबांचं नाव झाकून टाकलं, दूधवाल्याचा सदरा फाडला. फूल मात्र एक नाही.

"अवो, त्याला जरा तान्हेलं ठिवा," त्यांची बायको मनिषाताई म्हणाल्या. "आमच्या माहेरी बांधावर कुणी तांब्याभर पानी घालत न्हवतं, तरी लाल व्हायचं."

"माझ्या दारात आजपतुर कुणी उपाशी ऱ्हायलं न्हाय," बापूसाहेब म्हणाले आणि आणखी एक घमेलं खत टाकलं.

अशात मोहनरावांचा फोन आला. भिगवणला हायवेवर संभाजीरावांची मच्छीची खानावळ होती. त्यांची रेश्मा शिकलेली, बारामतीत औषधांच्या दुकानात कामाला. रविवारी घर बघायला येणार होते.

बापूसाहेब शनिवारी बाजारातून प्लास्टिकच्या फुलांची मोठी पिशवी घेऊन आले. रविराजनं शिडी धरली, आणि बापूसाहेबांनी वर चढून बारीक तारेनं एकेक फूल फांदीला बांधलं. संध्याकाळपर्यंत वेल असा बहरला की मनिषाताईंनी कपाळाला हात लावला.

रविवारी रेश्माला घेऊन आलेले संभाजीराव फाटकातच थबकले. "आरं वा! काय बहर हाय!"

"मेहनत हाय मागं," बापूसाहेब म्हणाले. ते खोटं नव्हतं. त्यांची कंबर अजून दुखत होती.

चहा-पोहे झाल्यावर मोठ्यांनी मुलांना बाहेर बोलायला पाठवलं. दोघं फाटकापाशी येऊन उभी राहिली. काहीतरी करायचं म्हणून रेश्मानं एका फुलाला हात लावला, आणि फूल तारेसकट हातात आलं.

"हे कुणी बांधलं?"

रविराजला खोटं सुचलं नाही. "वडलांनी. मी शिडी धरली."

"खरी का नाही आली?"

"लय खायला घातलं त्याला. मलाबी तसंच घातलं हुतं. बदाम, तूप, आधी बारामतीचा क्लास, मग पुण्याला साहेब व्हायचा क्लास. नुसती उंची वाढली."

रेश्मा इतक्या जोरात हसली की आत संभाजीरावांची बशी हिंदकळली. "आणि आता?"

"एमआयडीसीत दुधाच्या फॅक्टरीत हाय, पॅकिंगला. तितं कुणी माझ्याकडं बघत न्हाय, त्यामुळं बरं चाललंय."

रेश्मानं ते फूल पुन्हा फांदीला नीट बांधलं. आत जाऊन तिनं वडिलांना सांगितलं, मुलगा पसंत आहे.

सोयरीक फुलांनी जुळवली, असं बापूसाहेबांनी गावभर सांगितलं. मग काय, ज्या ज्या घरात लग्नाचं पोरगं होतं तिथली झाडं फुलू लागली. एकानं तर शेवग्याला गुलाब आणले. मुलीकडचे गाड्या थांबवून बघायचे आणि हसत पुढं जायचे. मोहनरावांनी हात टेकले.

लग्नानंतर रेश्मानं कोयता घेतला. वेल गुडघ्याएवढा ठेवला आणि ठिबकची नळी काढून तुळशीकडं वळवली. बापूसाहेब एक वेळ जेवले नाहीत.

"सूनबाई, मरंल की त्यो!"

"नाही मरत, दादा. तुम्ही फक्त तिकडं जाऊ नका."

पुढचे दिवस बापूसाहेब ओसरीवरून वेलाकडं नुसतं बघत बसायचे. दवाखान्यात आपलं माणूस आत असलं की बाहेर बसतात, तसे.

फाल्गुनात बोगनवेल फुलली. पानं दिसेनात, नुसता गुलाबी रंग. बापूसाहेबांनी वेलाशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'योग्य खत व्यवस्थापन.' रेश्मानं त्याला सगळ्यात आधी अंगठा दिला.

"तू काय बोलली न्हाईस?" रविराजनं विचारलं.

"कशाला? खुशीत आहेत."

बापूसाहेब खरंच खुशीत होते. दुसऱ्या दिवशी ते व्याह्यांकडं भिगवणला निघाले. संभाजीरावांच्या खानावळीपुढची जास्वंद मागच्या खेपेला त्यांना जरा अशक्त वाटली होती. जाताना त्यांनी गाडीत युरियाचं एक अख्खं पोतं टाकलं.