मॅलकी होगनची तिसरी निवृत्ती

मॅलकी होगनने हर्लिंग या काठी-चेंडूच्या आयरिश खेळातून दोनदा निवृत्ती घेतली होती, आणि दोन्ही वेळा डर्व्हलाने भाबडेपणाने नवऱ्यावर विश्वास ठेवला होता. पहिल्या वेळी क्लबने भिंतीवरचं घड्याळ दिलं, दुसऱ्या वेळी कोरीव काचेचं मोठं भांडं. चर्चच्या फादरनी दोन्ही वेळा तेच भाषण केलं आणि दोन्ही वेळा त्यांचा कंठ त्याच वाक्याला दाटून आला. घड्याळ मागे पडायचं. भांड्यात मॅलकी ट्रॅक्टरच्या किल्ल्या टाकायचा. पुसताना डर्व्हला दोन्हींना सारख्याच शिव्या द्यायची.

या सगळ्याचं मूळ तिच्या मते एकच होतं, टरलो ड्वायर. नॉकअर्डा गावच्या क्लबच्या ज्युनियर, म्हणजे दुय्यम दर्जाच्या, संघाचा मॅनेजर. वसंतात गवत जरा वर आलं की त्याचा फोन आलाच म्हणून समजा. मॅलकी मोबाइल घेऊन गोठ्यामागे जायचा आणि परत यायचा तो जगाचं ओझं डोक्यावर घेतल्यासारखा चेहरा करून.

"काय करणार मी? हातापाया पडतोय बिचारा. माणसं कमी आहेत म्हणतो."

"मग एखादी गाय ने. तिचे गुडघे तरी शाबूत आहेत."

पण बोलून काय उपयोग? पालथ्या घड्यावर पाणी. मोडलेली बोटं, फुटलेली भुवई, मुलीच्या नामकरणाच्या दिवशी प्लॅस्टरमध्ये असलेला हात, हे सगळं तिने सोसलं होतं. कोणे एके काळी तो खरंच चांगला होता, हे ती नाकारत नव्हती. क्लबने काउंटीची फायनल जिंकली त्या दिवशी चार नंबरच्या जर्सीत, तोंडावर रक्ताचा ओघळ घेऊन हसणाऱ्या या माणसावरच तर तिचा जीव जडला होता. पण त्याला आता जमाना लोटला. गेली काही वर्षं ती रागाने मैदानाकडे फिरकलीच नव्हती. दोन वर्षांपासून तो आपली जर्सी स्वतःच धुवायचा. 'बायकोच्या तोंडाला घाबरतो, घाबरू दे,' असं म्हणून तिने तेही सोडून दिलं होतं.

बुधवारी मात्र डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरून स्पष्ट सांगितलं. गुडघ्याला आणखी एक दणका बसला, तर सांधा बदलावा लागेल, आणि गाई दुसऱ्या कुणाला तरी पिळाव्या लागतील. दुसरं कोण होतं? मुली डब्लिनला. परत येताना गाडीत मॅलकीने स्वतःहून शब्द दिला. "संपलं, डर्व्हला. देवाशप्पथ संपलं."

रविवारी प्रार्थना आटोपून तो घरी आला आणि म्हणाला, "भावाकडे एक कालवड बघून येतो." अर्ध्या तासाने डर्व्हलाने जिन्याखालचं कपाट उघडलं. बॅग नव्हती. हर्लीची काठी नव्हती. गुडघ्याचा पट्टासुद्धा नव्हता.

"कालवड!" ती रिकाम्या घराला उद्देशून म्हणाली. तिने ओव्हन बंद केला. मटण आत अर्धकच्चं राहिलं, राहू दे. बटाटेही तसेच राहिले. आज टरलो ड्वायरची खैर नव्हती.

त्या दिवशीच्या प्रतिस्पर्ध्यांच्या, क्लूनबेगच्या मैदानावर ती पोचली तेव्हा सामन्याचा उत्तरार्ध निम्मा झाला होता. नॉकअर्डा सपाटून मार खात होतं. टरलो कडेला उभा राहून घसा फोडत होता, "अरे, मारा रे त्याला! चेंडूला म्हणतोय मी!"

डर्व्हलाने मागून त्याची बाही धरली. "लाज वाटते का रे तुला?"

टरलो दचकला. "अगं, माझा काय दोष? पोरंच आंधळी आहेत."

"पोरांचं नाही बोलत मी. माझ्या नवऱ्याचं बोलतेय. दरवर्षी फोन करून भीक मागतोस. त्याचा गुडघा गेला तर माझ्या गाई तू पिळणार आहेस का?"

टरलो तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली.

"मी भीक मागतो? मी?" त्याचा आवाज चढला, मग आजूबाजूला बघून त्याने तो खाली आणला. "डर्व्हला, मी फोन करतो तो येऊ नकोस म्हणून सांगायला. दरवर्षी सांगतो, यंदा पोरं भरपूर आहेत, तू आराम कर. तो म्हणतो, बरं बरं, येतोच मी. आणि सगळ्यांच्या आधी हजर! त्याने मला हर्ली धरायला शिकवलं गं. त्याला हाकलायला माझी जीभ रेटत नाही. तूच का नाही ठेवत त्याला घरी? मी तर तुझ्याच नावाने बोटं मोडत होतो, ही बाई करते काय म्हणून!"

इतकी वर्षं जपून ठेवलेला राग, आणि तो टाकायला जागाच उरली नाही.

तेवढ्यात तिला मॅलकी दिसला. मैदानाच्या पलीकडच्या कडेला तो एकटाच अंग गरम करत धावत होता. लंगडा पाय लपवत, गुडघे वर उचलायचा प्रयत्न करत. तो वळला तेव्हा त्याची पाठ दिसली. पाठीवर चार नव्हतं. चोवीस होतं. चोवीस म्हणजे राखीव खेळाडूंतलाही शेवटचा. जर्सी स्वतः धुण्यामागचं कारण आता कुठे तिच्या डोक्यात शिरलं.

"शेवटची पाच मिनिटं देतो मी त्याला, सामना हातचा गेला की," टरलो ओशाळून म्हणाला. "आज काय करू? त्या कोपऱ्यात त्यांचा तो रेड्यासारखा गडी खेळतोय. आणि बघ, आलाच हा."

मॅलकी हर्ली खांद्यावर टाकून गोलपोस्टमागून वळसा घेत येत होता. बायको दिसताच त्याचा चेहरा उतरला, पण पाय थांबले नाहीत. एका वाक्यात काम झालं असतं. 'तुला कोणी बोलावलेलं नाही, मॅलकी.' त्या वाक्याने तो जन्मभरासाठी घरी बसला असता. वाक्य अगदी जिभेवर होतं.

"मॅलकी होगन!" तिने असा आवाज लावला की क्लूनबेगचे राखीव खेळाडूही वळून बघायला लागले. "जर्सी उतरव. या टरलोला मी आत्ताच सांगितलंय. रडला, विनवण्या केल्या, तुझ्याशिवाय चालत नाही म्हणाला. मी ऐकलं नाही. आजपासून माझा नवरा मिळणार नाही."

मॅलकीने टरलोकडे बघितलं. टरलोने आपल्या बुटांकडे बघितलं.

"खूप विनवलं रे मी," टरलो म्हणाला. "पण तुझी बायको बधत नाही."

मॅलकीचा चेहरा लालबुंद झाला. "सगळ्या गावासमोर? सगळ्या गावासमोर माझं करिअर संपवलंस तू?"

"हो, संपवलं. गाडीत बस."

घरी पोचेपर्यंत तो खिडकीबाहेर बघत बसला. अर्धकच्चं मटण पुन्हा भाजून वाढलं, ते त्याने खाल्लं, तेही तिच्याकडे पाठ करून. दूध काढून आल्यावर मात्र दारातच म्हणाला, "अजून दोन वर्षं होती माझ्यात." डर्व्हला काही बोलली नाही. असं गप्प बसायची तिला मुळीच सवय नव्हती, आणि नवऱ्याच्या लक्षातही आलं नाही.

सोमवारी सकाळी ती कपडे वाळत घालत होती. कुंपणापलीकडे शेजारची बर्नी सायकलवरून उतरली. बर्नीला बातमी रात्रीच लागली असणार.

"ऐकलं मी," बर्नी म्हणाली. "खेळू द्यायचं होतंस गं थोडं. संघाला गरज होती त्याची."

"होती ना," डर्व्हला म्हणाली. "काय करणार? मी आहेच तशी."

तिने बादलीतून शेवटी उरलेली मॅलकीची जर्सी काढली, झटकली, आणि पाठीवरचा चोवीस घराकडे, छाती रस्त्याकडे करून दोरीवर घातली.