हरणांच्या वावरातली बी-पेटी

कोवळ्या ज्वारीला जनावराचं तोंड लागू देऊ नकोस, असं नेत्राला तिच्या सासऱ्यांनी सप्टेंबरातच सांगितलं होतं. भानुदासरावांचा सगळा जन्म सोलापूरकडच्या शेतात गेलेला. दर रविवारी ते फोनच्या पडद्यावर दिसत. त्या दिवशी नेत्रानं बागेतल्या हरणांसाठी ज्वारी पेरल्याचं ऐकून, चष्मा कपाळावर चढवून ते म्हणाले, "पोरी, कोवळी ज्वारी खाल्ली की गाय तासाभरात आडवी होते. किराळ लागली म्हणतात आमच्याकडे. त्यात थंडीनं करपलेली असली तर विचारूच नको."

नेत्रा 'हो बाबा' म्हणाली खरी, पण तिचं अर्धं लक्ष लेकीच्या खोकल्याकडे होतं. मागून तिचा नवरा आदित्य म्हणाला, "बाबा, इथली हरणं जपानी आहेत. त्यांना सोलापूरचे आजार होत नाहीत." सगळे हसले आणि विषय तिथंच संपला.

हे सगळं मी त्यांच्या नागोयातल्या घराच्या बाल्कनीतून ऐकलं. नेत्रानं मला धुवायला घरी आणलं होतं.

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची बी-पेटी आहे. माझा पट्टा गळ्यात अडकवायचा, मला पोटाशी धरायचं आणि चालता चालता बाजूचा दांडा फिरवायचा, की माझ्या तळाची चकती गरगरते आणि बी सारखं उधळलं जातं. मला एका पत्रेवाल्यानं मोरिता नावाच्या शेतकऱ्यासाठी बनवलं; इथं मान देऊन त्यांना मोरिता-सान म्हणतात. माझे शिवण-सांधे इतके नीट होते, की शेजारचे लोक मला उसनं मागायला येत. मोरिता-सान मला द्यायचे, पण संध्याकाळी स्वतः जाऊन परत आणायचे. पुढे यंत्रं आली. मी शेडमधल्या खिळ्यावर चढले आणि कितीतरी वर्षं कोळ्यांना घर देऊन तिथंच राहिले.

मग मोरिता-सान म्हातारे झाले, शेत गेलं, बायको गेली. टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या बागेत कुंपणाच्या आत सात हरणं आहेत. त्यांच्यासाठी हिवाळी चारा पिकवणाऱ्या हौशी मंडळींत ते जाऊ लागले आणि जाताना मला घेऊन गेले. हिवाळ्यात हरणांच्या आवारातलं गवत वाळून जातं. नुसत्या सुक्या गवतावर त्यांच्या बरगड्या दिसायला लागतात. म्हणून शेजारच्या वावरात आधीच हिरवं पेरून ठेवायचं आणि थंडी पडली की मधलं फाटक उघडायचं, अशी तिथली पद्धत.

नेत्रा तिथं आली ती मुलीला हरणं दाखवायला. जपानात येऊन वर्ष झालं होतं, ओळखीचं कुणी नव्हतं. मोरिता-साननी मला तिच्या गळ्यात अडकवलं आणि तिचा एक हात आपोआप माझ्या पाठीवर गेला, तान्ह्याला धरावा तसा. मला ते फार आवडलं.

काय पेरायचं ते ठरवायला मंडळी बसली. ओट तर हवेच, शलगम हवेत, आणि उरलेल्या निम्म्या वावरात काय? बियाणांच्या दुकानात नेत्रानं एक पाकीट पाहिलं होतं. नाव जपानी, पण आतले दाणे तिनं लगेच ओळखले. ज्वारी! तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिनं मंडळींना सांगितलं, की आमच्याकडे पाऊस सरला की शाळू पेरतात, तो नुसत्या दवावर वाढतो. मोरिता-सान जरा घुटमळले. इथं हे उन्हाळी पीक, तेही लोक हिरवळीचं खत म्हणून मातीत गाडायलाच लावायचे. जनावराला कधी घातलं नव्हतं. पण तिचा उजळलेला चेहरा पाहून ते काही बोलले नाहीत.

ज्वारी मीच पेरली, मित्रांनो. एकसारखी पेरली. ती गुडघ्याएवढी झाली तेव्हा सगळ्यांनी नेत्राचं कौतुक केलं, माझंही केलं.

नोव्हेंबरच्या शेवटी एका रात्रीत दव गोठलं. सकाळी वावर पांढरं झालं होतं. उन्हं आली तशी ज्वारीची पानं मऊ पडून लोंबायला लागली. फाटक उघडायचा तोच दिवस ठरला होता. मला फाटकाच्या खांबाला टांगून मोरिता-साननी कडी काढली. सगळ्यांत आधी सुझु आत आली. ती सात हरणांतली थोरली. ती सरळ ज्वारीत शिरली.

तिकडे नेत्रानं बाल्कनीच्या कठड्यावरचा पांढरा थर पाहिला आणि तिला सासऱ्यांचे शब्द आठवले. तिनं फोनवर शोधून वाचलं. थंडीनं करपलेल्या कोवळ्या ज्वारीत विष वाढतं, असं तिथं लिहिलं होतं. लेकीला, अबोलीला, तिनं सायकलच्या मागच्या सीटवर बसवलं आणि निघाली. बागेच्या वळणावरूनच ती ओरडत होती, पण वारा उलटा होता.

आत येताच तिनं मला खांबावरून ओढलं, पडलेला एक दांडका उचलला आणि माझ्यावर बडवायला सुरुवात केली. आमच्या वावरात असा आवाज कधीच झाला नव्हता. तिच्या गावी ज्वारीवरची पाखरं अशीच डबा वाजवून उडवतात, हे मला नंतर कळलं. "हाड, हाड! चला बाहेर!" ती मराठीतच ओरडत होती आणि जपानी हरणांना ते बरोबर समजलं. सहा जणी उड्या मारत परत गेल्या. माझ्या पोटाला पोचा पडला, दांडा वाकला, चकती निखळली.

सुझु मागं राहिली. तिचे पाय थरथरत होते. चार पावलं टाकून ती बसली, मग आडवी झाली.

जनावरांच्या डॉक्टरांना यायला वीस मिनिटं लागली. मंडळी जमली. मोरिता-सान टोपी हातात घेऊन सगळ्यांपुढं वाकले, पुन्हा वाकले, आणि निघून गेले. नेत्रा सुझुचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, तिनं त्यांना जाताना पाहिलंच नाही. डॉक्टरांनी शिरेत इंजेक्शन दिलं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग सुझुचा कान हलला. तास-दीड तासानं ती उठली, पडली, पुन्हा उठली. अबोली टाळ्या वाजवत जपानीत म्हणाली, "उभी राहिली!"

नेत्रानं मंडळींना खरं ते सांगितलं. "मला सासऱ्यांनी बजावलं होतं आणि मी ऐकलं नाही," असं ती म्हणाली. कुणी तिला दोष दिला नाही. ज्वारी उपटून लांब नेली. थंडीला न घाबरणारं राय नावाचं गव्हासारखं धान्य आणलं आणि ते हातानंच पेरलं, कारण मी आता पेरण्याजोगी नव्हते. धातूचा कचरा न्यायला गाडी येते त्या दिवशी द्यायला म्हणून कुणीतरी मला बाजूला ठेवलं.

दोन आठवडे गेले. रायाचे हिरवे कोंब वर आले. मोरिता-सान आले नाहीत. वर्षअखेर आहे, कामात असतील, असं सगळे म्हणत. इथं कुणाच्या घरी न कळवता जाणं बरं दिसत नाही. नेत्राला मात्र चैन पडेना. लेक दोन मिनिटं जास्त शांत बसली तरी आत जाऊन बघणारी बाई ती. शेवटी तिनं मला कचऱ्यातून काढून सायकलच्या टोपलीत घातलं, अबोलीला मागं बसवलं आणि त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. दुरुस्तीचं निमित्त.

दार बऱ्याच वेळानं उघडलं. दाढी वाढलेली, भर दुपारी पडदे ओढलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. मान खाली घालून म्हणाले, "फाटक मी उघडलं. तिला मी मारलं."

नेत्राच्या लक्षात आलं. ते सुझु उठायच्या आधी गेले होते. आणि त्यांना दुसऱ्या कुणीतरी सांगितलं असेल, असं प्रत्येकाला वाटत राहिलं होतं.

"मोरिता-सान, ती उभी राहिली. काल तिनं माझ्या हातातून शलगम ओढून घेतला. आणि ज्वारी माझी होती, तुमची नाही."

"उभी राहिली?" त्यांनी विचारलं.

"हो."

"खाते?"

"सगळ्यांच्या वाटचं खाते."

ते उंबऱ्यातच खाली बसले. मग त्यांनी हात पुढं करून मला मांडीवर घेतलं, वाकलेला दांडा चाचपला आणि अबोलीला आतून हातोडी आणायला सांगितलं.

मित्रांनो, तुमच्याही ओळखीत रोज दिसणारं कुणीतरी हल्ली दिसेनासं झालं असेल. असतील कामात, असं म्हणून सोडून देऊ नका. त्यांना कुणीतरी सांगितलंच असेल, असं तर अजिबात धरून चालू नका. आजच जा आणि दार वाजवा. जायला काही कारण सुचत नसेल, तर घरातली एखादी मोडकी वस्तू बरोबर न्या.