बुधाजीचं खोटं वारं

बुधाजी गव्हाणच्या मिठागरात राबायचा आणि दर मंगळवारी त्याच्या अंगात बहिरीदेव यायचा. देव यायचा तोही गुपचूप. बुधाजी कुडाला टेकून बसायचा, डोळे अर्धवट मिटायचे, आणि ओट्यावर बसून शेजाऱ्याशी बोलावं तशा हलक्या आवाजात देव लोकांच्या दुखण्याखुपण्यावर उपाय सांगायचा. उठल्यावर बुधाजीला त्यातलं अक्षर आठवायचं नाही. बायको, जनी, सांगेल ते खरं.

१९५७ साली पुण्याहून डॉ. शेवडे आले. अंगात येणाऱ्या माणसांवर ते पुस्तक लिहीत होते. डॉक्टर म्हटल्यावर चौघांनी त्यांना आधी आपली गळवं दाखवली. "मी तसला डॉक्टर नव्हे, मी माणसांचा अभ्यास करतो," असं त्यांनी सांगितलं, तेव्हा गळूवाले म्हणाले, "मंग आमी कोन हाव?"

मंगळवारी देव आल्यावर डॉक्टरांनी बुधाजीचा हात धरून घड्याळ बघितलं. नाडी बहात्तर, एरवीसारखीच. त्यांचा चेहरा उतरला. पुढच्या दोन मंगळवारीही तेच. शेवटी त्यांनी ठरवलं, की लोकांची गर्दी नको, धूप नको, पनवेलच्या दवाखान्यात बघू. तिथला कंपाउंडर सामाजी बुधाजीच्या ओळखीचा. मंगळवारी दवाखान्यात रोग्यांची गर्दी, आणि सामाजी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला यहुदी, शनिवारी तो कामाला हात लावायचा नाही, म्हणून सुट्टीचा रविवार ठरला.

धुतलेलं धोतर नेसून बुधाजी दवाखान्यात खुर्चीवर बसला. दीड तास गेला. देव फिरकला नाही.

"असू दे," डॉक्टर म्हणाले. "उद्या सकाळच्या गाडीनं निघतो मी."

खानावळीचं तिखट सोसेना म्हणून हा माणूस तीन आठवडे केळ्यांवर राहिला होता. गालफडं बसली होती. त्यांनी वहीला दोरी बांधायला घेतली आणि बुधाजीचा जीव कळवळला. पाहुणा रिकाम्या हातानं कसा धाडायचा?

जत्रेत लोक घुमताना त्यानं पाहिले होते. त्यानं डोळे फिरवले, हुंकार भरला आणि खुर्चीवरून उडीच घेतली. वजनकाटा पाडला, औषधाच्या दोन बाटल्या फोडल्या, टेबलावरचं लिंबू सालासकट खाल्लं. सामाजी बाटल्या वाचवत धावत होता आणि डॉक्टर बुधाजीचं मनगट धरून त्याच्यामागे. नाडी एकशे चाळीस. डॉक्टरांच्या तोंडावर पहिल्यांदाच हसू उमटलं.

घरी आल्यावर मात्र बुधाजीनं ताट बाजूला सारलं. देवाच्या नावानं सोंग केलं होतं. सकाळी त्यानं पनवेलचा एसटी स्टँड गाठला.

"सायब, काल देव नव्हता. मी सोंग केला. तुमच्यासाठी."

डॉक्टरांनी मायेनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "असंच वाटतं नंतर. आठवत काही नाही, म्हणून मन अशी समजूत घालतं."

"समदं आठवतं मना. लिंबू किडका होता."

डॉक्टरांनी तेही वहीत लिहून घेतलं आणि गाडीत चढले.

आता देवच काय ती शिक्षा करेल, या भीतीनं बुधाजी मंगळवारची वाट बघत राहिला. देव आला, गेला. शुद्धीवर येताच त्यानं जनीला विचारलं, "काय बोलला? मना काय शिक्षा?"

"तुझं नाव बी नाय काढलं. काशीरामच्या म्हशीचं सांगितलं, ती पाला का खात नाय ते."

"दवाखान्याचं कायच नाय?"

"देवाला दुसरी कामं नायत काय?" जनी म्हणाली आणि भात उतरवायला गेली. बुधाजीला हायसं वाटायला हवं होतं. थोडं वाईटच वाटलं.

वर्षभरानं डॉक्टरांचा छापील लेख सामाजीच्या पत्त्यावर आला. बुधाजी पायाच्या भेगांना मलम न्यायला आला, तेव्हा सामाजीनं तो वाचून दाखवला. गावात दर मंगळवारी चालतं ते लोकांसाठी वठवलेलं सोंग, असं त्यात होतं. नाडीसुद्धा बदलत नाही. खरा संचार झाला तो दवाखान्यात. इतका अस्सल, की दुसऱ्या दिवशी त्या भोळ्या माणसाला तो घडला हेच कबूल होईना.

बुधाजीनं तो लेख हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाला, "त्यांना चिठ्ठी धाडा. म्हनावं, उलटं हाय."

"धाडतो," सामाजी म्हणाला. "पण तो तीही छापेल. पुरावा म्हणून."

बुधाजीनं विचार केला. "मंग ऱ्हाऊ दे," तो म्हणाला, आणि मलमासाठी त्यानं डबी पुढं केली.