व्याह्यांचं सूप

श्वे दमाव कधी हॉटेलात उतरत नसे. नातेवाईक त्याला चिक्कू म्हणत, तो म्हणू देई. खरं कारण त्याच्या ओळखपत्रात होतं. ऐन उमेदीत रात्रीचा ट्रक हाकताना जागं राहायला त्यानं ‘बर्फ’ नावाची नशेची पूड ओढली, पकडला गेला आणि सक्तीच्या व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला. त्यानंतर सिगारेटसुद्धा शिवला नाही. पण हॉटेलच्या यंत्राला ते कार्ड टेकलं, की चहा निवायच्या आत पोलीस हजर, हातात लघवी तपासायचा प्लॅस्टिकचा पेला. सरकारची स्मरणशक्ती दांडगी.

आज परगावी मुलीची, यिनची, सोयरीक होती. होणारे व्याही लू पिंगआन यांचं पुलाजवळ मटणसुपाचं दुकान. दुपारी दमावचा तिसरा वाडगा चालू असताना ते त्याच्या कानाशी लागले.

“आजोबांपासूनचं गुपित आहे, व्याहीबुवा. अफूच्या बोंडांची सालं, अगदी चिमूटभर. गिऱ्हाईक परत येतंच. आता तुम्ही घरचे, म्हणून सांगितलं.”

घोट दमावच्या तोंडातच होता. त्यानं तो गिळला; थुंकला असता तर सोयरीक तिथंच मोडली असती.

जेवणानंतर लूंनी प्रेमानं सगळ्यांची कार्डं गोळा केली आणि शेजारच्या हॉटेलच्या काउंटरवर ठेवली. “आज मुक्काम इथंच!” यंत्र टुक् वाजलं.

दारावर थाप पडली तेव्हा खोलीत यिन होती. तिला बाबांचं जुनं प्रकरण ठाऊक होतं. लूंना त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. हवालदार तरुण आणि हसरा होता, म्हणून जास्तच भीती वाटली. पेला भरला, पट्ट्या बुडाल्या. दोन रेघा म्हणजे सुटका.

“बर्फाच्या पट्टीवर दोन आल्या,” हवालदार म्हणाला. “अफूच्या पट्टीवर एकच. काका, बढती घेतलीत वाटतं?”

दमाव मनात हिशेब करू लागला. खरं सांगावं तर व्याही आत, गप्प राहावं तर आपण. लग्न दोन्हीकडून बुडालं.

“साहेब, शक्यच नाही!” यिन रडकुंडीला आली. “आज बाबांच्या पोटात सूप सोडून काही नाही. लूकाकांच्या दुकानातलं.”

हवालदाराचं हसू मावळलं. “पुलाजवळचं?”

“हो.”

“मी रोज सकाळी तिथंच...” वाक्य त्यानं गिळलं. पिशवीतून दुसरा पेला काढला आणि न्हाणीघरात शिरला. आत नळ बराच वेळ वाहत होता. दमाव दाराकडे बघत राहिला. गुन्हेगाराची वाट पोलीस बघतो, हे उलटंच चाललं होतं.

हवालदार बाहेर आला तो खडूसारखा पांढरा.

“पट्ट्या खराब आहेत,” तो म्हणाला. “सगळा गठ्ठाच खराब.” दमावची पट्टीही त्यानं खिशात कोंबली. दारात वळून हळूच म्हणाला, “काका, काही दिवस सूप नको. मीही सोडतोय.”

तो जातोय न जातोय तोच लू वाफाळतं पातेलं घेऊन आले. “व्याहीबुवा, संध्याकाळचं!”

“मी मांस सोडलं,” दमाव घाईनं बोलून गेला. “आत्ताच. बुद्धाला नवस केला. पोरीच्या सुखासाठी. जन्मभर.”

लूंचे डोळे भरून आले. असा बाप हल्ली कुठं मिळतो! त्यांनी पातेलं खाली ठेवलं आणि खिशातून दमावचं ओळखपत्र काढलं, पण त्याच्या हाती दिलं नाही.

“हे राहू दे माझ्याकडे. लग्नाच्या वेळी आठवडाभर तुमची खोली इथंच. आत्ताच खाली यंत्राला टेकवून नोंदवून येतो.”